तुरळक ठिकाणी

हवामानकाकांनी फोनवर सांगितलं, "उद्या जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस." मी सकाळच्या पेपरात छापलं, "आज जिल्ह्यात जोरदार पाऊस." चौकट एका ओळीची, दोन शब्द मावेनात. मला ते शोभेचे वाटले, उडवले.

दुसऱ्या दिवशी गावात लख्ख ऊन.

काका वेधशाळेत निरीक्षक. एकतीस वर्षं रोज पर्जन्यमापकातलं पाणी मोजतायत. काकू म्हणतात, "भाजीत मीठ कमी आहे का विचारलं, तरी आधी चार घास मोजतील." त्यांच्या खालच्या मजल्यावर लाँड्रीवाली मावशी. ती काकांना रोज जिन्यातूनच विचारायची, "भाऊ, घालू का वाळत?" भाऊंनी मान हलवली की दवाखान्याच्या साठ चादरी गच्चीवर चढायच्या. त्या दिवशी काका लवकरच्या पाळीला गेले होते, म्हणून तिने पेपर बघितला. चादरी गच्चीवर चढल्याच नाहीत, ओल्याच राहिल्या आणि दवाखान्याची बोलणी खावी लागली. पेपरातला अंदाज भाऊंचाच असतो हे तिला ठाऊक, तेव्हापासून तिने भाऊंना विचारणं सोडलं.

मी वेधशाळेत जाऊन कबूल केलं. काकांनी न रागावता वही उघडली.

"वीस ठिकाणी मापं आहेत आपली. पाचांपर्यंत पडला तर तुरळक. सहावं भिजलं की शब्द बदलायचा."

"आणि त्या दिवशी?"

"तीन ठिकाणी. धो धो."

"म्हणजे तुमचं बरोबरच होतं."

"वहीत होतं. तिच्या हातात तुझा पेपर होता."

"मग सांगा ना तिला, चूक माझी म्हणून."

"मी सांगितलं तर सारवासारव वाटेल. तू सांग."

सांगतो म्हणालो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून दोन शर्ट घेऊन गेलो. इस्त्री फिरवता फिरवता मावशी म्हणाली, "तू पेपरातला ना रे? तुमच्या त्या हवामानवाल्याला म्हणावं, छत्र्या विकायला बस."

आणि मी हसलो. चांगला दात काढून हसलो.

तेवढ्यात काका जिना उतरले. दारापाशी त्यांची पावलं नेहमीसारखी हळू झाली. मावशीने कॉलरवरून मान वर केली नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. सांगून झालं असं समजले असावेत. मी पावती खिशात घातली आणि निघालो.

शर्ट गुरुवारी मिळणार होते. दोन गुरुवार होऊन गेले. शर्ट अजून तिच्याकडेच आहेत.