मंगलम वर सरकलं

शेवग्याचा पाला अर्धा खुडून झाला होता, तेवढ्यात माझी धाकटी जाऊ अंबुजा लॅपटॉप छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तोंडाचा रंग उतरलेला.

"अक्का, मंगलम वर गेलं," एवढंच म्हणाली.

माझ्या हातातली डहाळी तशीच राहिली. उद्या आमच्या भजनमंडळीचं रुक्मिणी कल्याण, म्हणजे भजनातून लावायचं देवाचं लग्न. भजन सांगणाऱ्या रघुराम भागवतरांना वहीतली अक्षरं आता दिसत नाहीत, म्हणून यंदा सगळी पदं भजनाच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर वेबपानातून दाखवायची ठरली. ते पान अंबुजा करील, असं मंडळीत मीच सांगून बसले होते. मंगलम गायलं की आरती होते, माणसं उठतात, त्यापुढे पद नाही. ते मधेच आलं तर मंगळसूत्र बांधण्याआधीच देवाचं लग्न उठायचं.

अंबुजा चाळिशीची. पंधरा वर्षं ब्लाउज शिवले. मान धरायला लागली तेव्हा गेल्या पोंगलनंतर महामहम तळ्याजवळच्या संगणकाच्या वर्गात जाऊन बसली, लेकीच्या वयाच्या पोरींत. मामंजी म्हणाले, कापड बेतून झालं, आता वारा बेतणार. तिने ऐकून घेतलं. अजूनही हात धुतल्याशिवाय कीबोर्डाला शिवत नाही. आणि लिहिलेलं काढत नाही. एक टाका उसवला की सगळी शिवण जाईल, ही धास्ती तिला शिवणयंत्रापासूनची.

झालं होतं ते असं. ग्रिड म्हणजे पानावर उभी-आडवी घरं आखून त्यांत एकेक पद बसवायचं. लांब अभंगांना तिने दोन घरांची रुंदी दिली, तर गुरुवंदनेशेजारी एक घर रिकामं राहिलं. लग्नाच्या पंगतीत मधलं पान आम्ही रिकामं ठेवत नाही. तिलाही ते बघवेना. वर्गात शिकलेला 'डेन्स', म्हणजे दाट बसव, हा शब्द तिने घातला आणि भोक भरलं. मग फोनवर तपासलं. फोनचा पडदा अरुंद, तिथे सगळी पदं एकाखाली एक, क्रम बरोबर. आज दुपारी टीव्हीवर लावलं तेव्हा कळलं की त्या घरात मावण्याएवढं लहान पद शोधून यंत्राने शेवटचं मंगलमच उचलून आणलंय.

तिला शिकवणाऱ्या नित्याला फोन केला. ती म्हणाली, तो एक शब्द काढा, बाकी काही हलणार नाही. हे ऐकूनही अंबुजाची बोटं पुढे जाईनात. पान हरवलं तर उद्या सकाळी भागवतरांपुढे काय उभं करायचं? माझ्या तोंडी विठ्ठलाचं नाव चालू होतं. शेवटी डोळे मिटून तिने शब्द काढला.

आम्ही हॉलवर गेलो. भागवतर तंबुरा लावत होते. टीव्हीवर मंगलम तळाला उतरलेलं, आणि गुरुवंदनेशेजारी ते भोक पुन्हा उघडं.

"लग्नाला हे पान कुणासाठी राखलंस ग? कोण रुसलंय?" भागवतर म्हणाले.

अंबुजा म्हणाली, "कुणी नाही मामा. ते भरायला गेले तर क्रम मोडतो. रिकामंच राहू दे."

भागवतर उठले. पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवत एकेक पद पुटपुटत खाली उतरले. मंगलमवर बोट थांबलं. मग फक्त म्हणाले, "उद्या लावायच्या आधी परत एकदा दाखव."

घरी येताना अंबुजाने माझा हात सोडला नाही. उद्या टीव्हीजवळ तुम्ही बसा, अक्का, म्हणाली. बसेन म्हटलं. रात्रीतून काही सरकणार नाही ना, हे मी तिला विचारलं नाही.

पाला तसाच पडलाय, अंबुजाला खुडायला सांगितलाय. मला आता सुंदरपेरुमाळ कोयिल गावाला जाऊन उद्याच्या पंगतीसाठी केळीची पानं आणायची आहेत.