खीर खाऊन गेलेला पुक्की

आधीच सांगते, मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. कांदिवलीला आमची चाळ स्मशानाच्या भिंतीला लागून होती. पंधरा वर्षं त्याच भिंतीवर मी कुरडया वाळत घातल्या. बायका म्हणायच्या, "अगं, भीती नाही वाटत?" मी म्हणायची, कावळ्यांची वाटते, कुरडया नेतात! या ग्रुपवर लोक लिहितात त्यातलं निम्मं वाचून मी हसत आलेय. आता माझीच पाळी आली म्हणून हसा खुशाल... पण शेवटपर्यंत वाचा.

सध्या आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो. सात मजली सोसायटी, चौथा मजला, वन बीएचके. दार उघडलं की हॉल, हॉलमध्ये भिंतीवर उंच देवघर, डावीकडे किचन, समोर पॅसेजमध्ये संडास-बाथरूम एकत्र. घरात मी एकटीच. मुलगा प्रसाद फिनलंडला असतो, त्याची बायको हेली तिथलीच. गोरीपान, उंच, आणि मराठी बोलते ते माझ्या भाच्यांपेक्षा बरं. त्यांची मीरा चार वर्षांची. गेल्या डिसेंबरात तिघं आले होते.

चोवीस तारखेला त्यांचा सण, नाताळ. त्यांच्याकडे तांदळाची खीर करतात, गोड कमी, एवढाच फरक. दुपारी दूध आटवता आटवता हेली मला सांगत होती, "आई, आमच्याकडे मुलांना खाऊ द्यायला जो म्हातारा येतो ना, तो धुराड्यातून नाही येत. दारातून येतो. सगळ्यांसमोर." त्याचं नाव योउलुपुक्की. म्हणजे सणाचा बोकड.

मी म्हटलं, "बोकड येतो म्हणजे जेवायला येतो की जेवणात येतो?" हेली पोट धरून हसली.

पण रीत मोठी छान हो त्यांची. तो दारावर काठी आपटतो आणि विचारतो, "ओन्को तॅला किल्त्तेया लाप्सिया?" म्हणजे, इथे शहाणी मुलं आहेत का? घरातल्या मोठ्या माणसाने आतून म्हणायचं, "ओन!" म्हणजे आहेत. मग तो आत येतो, मुलं त्याला गाणं म्हणून दाखवतात. कोणी उत्तरच दिलं नाही तर तो पुढच्या घरी जातो.

आमचा पुक्की व्हायचं ठरलं होतं दुसऱ्या मजल्यावरच्या कदम भाऊजींनी. पोट तयारच होतं, लाल कपडे तेवढे भाड्याने आणायचे होते. सकाळपासून हेली त्यांच्याकडून ते वाक्य घोटून घेत होती आणि भाऊजींची वाट लागली होती. "वहिनी, शेवटी लापशीच म्हणायचं ना?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

पाचच्या सुमाराला प्रसाद-हेली ते कपडे आणि केक आणायला निघाले. जाताना प्रसादने बाहेरून सेफ्टी डोअरला कुलूप लावलं. आदल्या दिवशी मीरा गुपचूप दार उघडून लिफ्टमध्ये जाऊन बसली होती, म्हणून. मीच म्हटलं होतं, लाव बाबा कुलूप.

"आणि आई, बाथरूमची कडी लावू नकोस हं, अडकतेय ती," तो म्हणाला.

"जा रे, मला नको शिकवू," मी म्हटलं.

दिवेलागणीला मी निरांजन लावलं. खीर मंद गॅसवर होती. मीरा हॉलमध्ये चित्र काढत बसली होती. म्हटलं दोन मिनिटांत जाऊन येते. गेले, आणि कडी लावली. पासष्ट वर्षांचा हात आहे, दार ओढलं की कडी लावतोच. घरात चार वर्षांचं पोर असो नाही तर कोणी नसो!

कडी परत निघाली नाही. आधी हळू ओढली, मग जोरात. मग चप्पल काढून चपलेने मारली. ढिम्म. मोबाईल किचनच्या ओट्यावर. डक्टकडे काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे, तिथून ओरडले. पण पाचव्या मजल्यावर टाइल्स फोडायचं काम चालू होतं, त्या मशीनच्या आवाजात माझं कोण ऐकणार?

"आज्जी, काय करतेस?" मीरा दाराशी आली.

"काही नाही गं सोन्या, दार जरा रुसलंय."

तेवढ्यात किचनमधून 'चर्रर्र' आवाज आला. दूध उतू गेलं. आणि मग... वास. गॅसचा. दुधाने ज्योत विझवली होती आणि गॅस तसाच सुरू. हॉलमध्ये देवासमोर निरांजन जळतंय, आणि खिडक्या मीच बंद केलेल्या, मच्छर येतात म्हणून.

 दाराला तोंड लावून मी खालीच बसले.

पोराला काय सांगायचं? गॅसजवळ जा म्हणू की जाऊ नको म्हणू? शेवटी म्हटलं, "मीरा, स्टूल घे, ते काळं बटण आत दाबून फिरव." ती गेली. परत आली. "आज्जी, ते जड आहे." खिडकीची खिट्टी तिच्या डोक्याच्या दुप्पट वर. देवघर तर त्याहून उंच. मग ती खोकायला लागली. मी दारावर मुठी मारल्या, हात सुजेपर्यंत मारल्या. पत्रा लावलेलं दार ते, नुसता ढोल वाजत होता. अर्ध्या फुटावर पोर आणि मी तिला हात लावू शकत नव्हते. दाराखालच्या फटीतून तिची बोटं तेवढी आत आली होती, ती धरून बसले.

आणि वरचं मशीन थांबलं.

दारावर काठी आपटल्याचा आवाज. तीनदा.

"ओन्को तॅला किल्त्तेया लाप्सिया?"

मी आनंदाने किंचाळले, "भाऊजी! कदम भाऊजी! कुलूप तोडा, गॅस सुटलाय!"

 पुन्हा तेच वाक्य, तसंच. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकही अक्षर अडखळलं नव्हतं. आवाज खोल होता, जुनी कणगी आतून बोलावी तसा. आणि तो बाहेरच्या दारातून येत नव्हता. हॉलच्या उंबऱ्याच्या अलीकडून येत होता. बाहेर सेफ्टी डोअरला कुलूप, आत लॅच.

"आज्जी, कोण आहे?" मीरा कुजबुजली. तिची बोटं गार पडली होती.

मी गप्प बसले. गप्प बसले तर तो जाईल, हे मला दुपारीच कळलं होतं. गेला तर गॅस आणि निरांजन आणि माझी नात. आणि हो म्हटलं तर, ज्याला मी बघितलं नाही, जो कुलपातून आत आला, त्याच्या हवाली माझी नात. देवा शप्पथ सांगते, बाळंतपणातही मी अशी अडकले नव्हते.

तिसऱ्यांदा त्याने विचारलं. अगदी हळू. जाणाऱ्या माणसाने शेवटचं विचारावं तसं.

मी म्हटलं, "ओन."

बोटं फटीतून निघून गेली. मग पावलं. टक, टक, मुसळ आपटल्यासारखी. ओल्या बोकडाचा उग्र वास, गॅसच्या वासावर मात करणारा. दाराखालून पाण्याचा ओघळ आत आला, पायाला लागला तर फ्रीजमधल्या बाटलीसारखा गार. मीरा त्यांच्या भाषेतलं गाणं म्हणायला लागली, मध्येच खुदकन हसली. मी "मीरा, मीरा" म्हणत होते, ती गातच होती. हळूहळू गार वारा आला आणि गॅसचा वास विरला. मग काहीच नाही.

साडेसहाच्या पुढे प्रसाद-हेली आले. सेफ्टी डोअरचं कुलूप प्रसादने स्वतःच्या हाताने उघडलं. हातोडीने माझी कडी तोडली. मी धावत हॉलमध्ये... मीरा चित्र रंगवत होती.

गॅसचं बटण बंद. दोन्ही खिडक्या सताड उघड्या. निरांजन शांत केलेलं, फुंकून नाही, वात तुपात मागे ओढून, जशी माझी सासू करायची. आणि खिरीचं पातेलं लख्ख. ओट्यावर उतू गेलेलं दूधसुद्धा चाटून साफ!

"पुक्कीने खाल्ली," मीरा म्हणाली. "त्याला भूक होती. शिंगं पण होती. आज्जी, तो पण तुझ्यासारखा खाली बसून जेवतो."

हेलीने मीराला उचलून घेतलं. म्हणाली, तिच्या आजीच्या लहानपणी पुक्की असाच यायचा. उलटं कातडं पांघरून, शिंगं लावून, तोंडाला झाडाची साल बांधून. तेव्हा तो खाऊ वाटत नसे. घरोघरी खायला मागत फिरे. "मीराला मी हे कधीच सांगितलं नाही, आई. आमच्याकडे आता सगळे लाल कपडेच घालतात."

सात वाजता कदम भाऊजी लाल कपड्यांत, कापसाची दाढी लावून आले आणि दारात दणक्यात "लापशी!" म्हणाले. मीराने त्यांना नखशिखांत बघून विचारलं, "काका, तुम्ही कोण?"

वॉचमनने कोणाला वर जाताना पाहिलं नाही. मजल्यावरच्या कॅमेऱ्यात आमचं बंद दार सोडून काही नाही. प्रसादचं म्हणणं, मीरानेच सगळं केलं, मुलं संकटात काहीही करतात. मी विचारलं, खिट्टी? "ढिली असेल." निरांजन? "तेल संपलं असेल." अरे तूप होतं त्यात! आणि पातेलं? त्यावर तो फोन बघायला लागला. मलाही यातलं काहीच उलगडत नाही, खोटं कशाला बोलू?

पण एक गोष्ट मी प्रसादला आणि हेलीला आजवर सांगितलेली नाही, ते दोघं या ग्रुपवर नाहीत म्हणून इथे लिहिते. त्यांना वाटतं, मी आत नुसती रडत होते. मी उत्तर दिलं, मी त्याला आत बोलावलं, हे त्यांना माहीत नाही. पोर वाचलं म्हणून आज मी शहाणी. पण ते "ओन" तोंडातून निघाल्यापासून मीराचं गाणं सुरू होईपर्यंत जो वेळ गेला, त्यात मी काय करून बसले होते हे मला कळत नव्हतं... आणि खरं सांगू का, अजूनही कळलेलं नाही.