रात्री मुका होणारा डबा

तुमच्या इमारतीचा मेन स्विच संध्याकाळी कोण बंद करतं, सांगता येईल? नाही ना? मग गच्चीवरच्या यंत्रांवर सभा घेण्याआधी किल्लीमावशीची गोष्ट ऐका.

किल्लीमावशी म्हणजे शाळेची शिपाईण. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो खुळखुळला की पोरं आपसूक रांगेत. शाळेच्या मागे, वेगळ्या मीटरच्या एका खोलीत ती आणि तिचा म्हातारा राहायचे. म्हातारा एकेकाळी तिथलाच रखवालदार. एकदा शाळा सुटल्यावर सामानाच्या खोलीत वायर जळाली, पडदे पेटले, आणि हा गडी ओलं पोतं घेऊन आत घुसला. शाळा वाचली, पण त्याची छाती तेव्हापासून धरली ती धरलीच. मावशीने त्या दिवसापासून नेम केला. शेवटचा वर्ग झाडून झाला की जिन्याखालचा मेन खाली, मग कुलूप. एक वेळ जेवण चुकेल, मेन चुकायचा नाही.

म्हाताऱ्याचं मागणं एकच. झोपताना खिडकी उघडी हवी.

"उघड की गं. पंख्याचा वारा म्हणजे उष्टा वारा."

"आणि धूर आला म्हणजे? तुम्ही खोकत राहणार आणि मी पाठ चोळत बसणार."

"तेवढंच निमित्त मिळतं, पाठ चोळून घ्यायला."

धूर काही तिच्या मनाचा खेळ नव्हता. नाल्यापलीकडे अंधार पडला की भंगारवाले तांबं काढायला वायरी जाळायचे. तक्रार घेऊन गेलं की कचेरीतला साहेब मान वर न करता विचारायचा, "पुरावा काय?" अख्खी वस्ती त्याच्यासमोर खोकत उभी, आणि ह्याला पुरावा हवा!

शेवटी वस्तीने हट्टाला पेटून हवा मोजणारे डबे मिळवले. वाचनालय, दवाखाना, समाजगृह आणि शाळा, चारही ठिकाणी गच्चीवर एकेक. निरोपांचा कारभार बिनतारी. शाळेची गच्ची सगळ्यांत उंच, म्हणून बाकीचे तिघे आपली खबर शाळेच्या डब्याकडे देणार आणि तो सगळ्यांची मिळून पुढे धाडणार. बसवायला आलेली यंत्रवाली पोरगी चुणचुणीत होती. तिने मुख्याध्यापकांची सही घेतली, गच्चीवरच्या बटणाशेजारी 'बंद करू नये' अशी चिठ्ठी डकवली, मावशीची किल्ली मावशीला परत दिली आणि गेली. डबा कशासाठी, हे मावशीला सांगितलं म्हाताऱ्याने.

"तो साक्ष देणार. मग आपली खिडकी उघडणार."

झालं! मावशीने डब्याला लेकरासारखं सांभाळलं. कबुतरांना हाकलायला काठी ठेवली. त्या चिठ्ठीच्या आसपास कोणाला फिरकू देईना.

महिन्याभराने वर्गात बैठक भरली. यंत्रवाली पोरगी रडवेली झाली होती. "रात्रीचं काहीच येत नाही. शाळा सुटली की चारही डबे मुके. सकाळी पुन्हा बोलायला लागतात."

शाळा समितीचे सचिव खुर्चीत रेलले. "मग काढून टाका. धूर रात्रीचा आणि साक्षीदार दिवसाचा! वीज मात्र शाळेची."

"नाल्यापलीकडचं कोणीतरी येऊन बंद करत असणार," मागून एकजण म्हणाला.

मावशी पाण्याचे पेले मांडत होती. ती ताडकन फिरली. "माझ्या गच्चीवर? माझ्याकडच्या किल्लीशिवाय? त्या बटणाला कोणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही, आईशपथ!"

खिडकीबाहेर, अंगणातल्या स्टुलावर बसलेला म्हातारा हसायला लागला आणि हसता हसता खोकायला. "अगं वेडे, बटण वर आहे. पण वीज तर खालूनच चढते ना?"

मावशीचा हात आपोआप कमरेच्या जुडग्यावर गेला.

"मेन..." ती म्हणाली. "मेन तर मीच पाडते. रोज."

पोरीने कपाळावर हात मारला. "म्हणजे शाळेचा डबा झोपला की बाकीच्या तिघांची खबरही अडते! मावशी, मी तुम्हाला विचारलंच नाही हो."

"सापडलं की मग," सचिव म्हणाले. "आजपासून मेन चालू ठेवा."

"नाही ठेवणार."

"नोकरी कोणाची करता?"

"शाळेची! म्हणूनच ती जळू देणार नाही. त्या आगीत तुमचा माणूस शिरला नव्हता, माझा शिरला होता."

म्हातारा भिंतीला धरत दारापर्यंत आला. "त्या आगीने अर्धी छाती नेली, कबूल. हा धूर उरलेली नेतोय. अडून बसशील किती? काहीतरी तोड काढा ना."

तोड पोरीनेच काढली. डब्यापुरती वेगळी लाईन, मेनच्या आधीपासून, तिचा फ्यूजही वेगळा. "मेन तुमचाच राहील, मावशी. खुशाल पाडा."

वायरमन आला तेव्हा मावशी त्याच्या डोक्यावर उभी. "जोड उघडा राहिला तर गाठ माझ्याशी आहे." तो म्हणाला, "मावशी, माझ्या सासूनेसुद्धा इतका जाच केला नाही." त्या संध्याकाळी तिने मेन खाली ओढला. अख्खी शाळा काळोखात बुडाली. नव्या वायरवर तिने तळहात ठेवून पाहिला, गार होती. अंगणात येऊन वर बघितलं, तर कठड्याशी डब्याचा हिरवा ठिपका जागा होता. तिने कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं.

मग मात्र डबे बोलले. अंधार पडताच चारही गच्च्यांवर आकडे डोंगरासारखे चढायचे. त्या आकड्यांचा कागद वस्तीने टेबलावर आपटल्यावर कचेरीतल्या साहेबाला मान वर करावी लागली, कचेरीची माणसं नाल्यापलीकडे गेली, जाळणं थांबलं. पुन्हा सुरू करतील? करून बघावं. डबे आहेत तिथेच आहेत.

एका संध्याकाळी मावशीने न सांगता खिडकीची खिट्टी काढली. वीतभर फट केली.

"एवढीच?" म्हातारा म्हणाला.

"आज एवढीच."

गार वारा आत आला. म्हातारा वाट बघत राहिला, पण खोकला काही आला नाही. "आता गं? पाठ चोळायला निमित्त कुठून आणू?"

"फार बोलता तुम्ही. वळा तिकडे," मावशी म्हणाली, आणि पाठ चोळत बसली.

तेव्हा तुम्हीही गच्चीवर डबा बसवायला जाल, तर साहेबाची सही घेऊन उड्या मारत परत येऊ नका. त्या इमारतीच्या किल्ल्या ज्या बाईच्या कमरेला असतील तिच्यापाशी घटकाभर बसा, डबा कशासाठी ते तिला सांगा, आणि घरी जाताना ती काय काय बंद करते ते तिलाच विचारा.