अडवून धरलेलं आमेन

शिवणवाल्या बाईंच्या घरी सकाळची प्रार्थना पावणेसातला, जेवणाच्या टेबलाभोवती, गुडघ्यांवर होई. नियम सासऱ्यांच्या वेळचा. बापाने प्रार्थना करायची, मग धाकट्यापासून एकेकाने आमेन म्हणायचं आणि शेवटचं आमेन घरच्या बाईचं. तोवर कुणी उठायचं नाही. एकदा दूध उतू गेलं, तरी कुणी उठलं नव्हतं.

नवरा स्कूटरचा मिस्त्री, गॅरेज घराला लागूनच. गल्लीतल्या सगळ्या गाड्या त्याच्या हातून ठणठणीत होऊन जात. थोरलीची स्कूटर मात्र तीन आठवडे तशीच होती. पुढच्या ब्रेकची केबल ढिली, मागचं लायनर झिजलेलं. तीच घेऊन पोरगी रोज पाण्याच्या टाकीचा उतार उतरून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला जायची.

केबल त्याने दोनदा आणली आणि दोन्ही वेळा गिऱ्हाइकाच्या गाडीला लावली.

"गिऱ्हाईक दारात उभं असतं गं. ही काय, घरचीच."

"घरची म्हणून पडू दे का?"

"अभद्र बोलू नकोस. रोज प्रार्थना करतोय ना तिच्यासाठी?"

करत होता, हे खरं. पोरीच्या हेल्मेटवर हात ठेवून करायचा, आवाज भरून यायचा त्याचा. बाईंना तेच जास्त खुपे. माणूस खोटा असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं. पलीकडच्या मिस्त्रीला विचारलं, तर त्याने हात झटकले. "तुमच्या घरची गाडी मी उघडली तर तुमचे साहेब मला जन्मभर बोलतील." पोरीला विचारावं, तर ती म्हणे, "जाऊ दे आई, पप्पांना वाईट वाटेल."

एके दिवशी पहाटे केर काढताना थोरलीचा बूट हाती आला. उजवी टाच घासून पार सपाट झालेली. बाई बुटाकडे बघत राहिल्या. पोरगी उतारावर गाडी पायाने थांबवत होती.

पावणेसातला सगळे गुडघ्यांवर बसले. "प्रभू, माझ्या लेकरांभोवती तुझ्या दूतांचा पहारा ठेव," मिस्त्री म्हणाला. "थोरलीच्या चाकांना सांभाळ. येशूच्या नावाने मागतो."

"आमेन," धाकटा म्हणाला. "आमेन," थोरली म्हणाली.

मग काहीच नाही.

"अगं, आमेन," मिस्त्री डोळे मिटूनच पुटपुटला.

"माझं मागणं राहिलंय," बाई म्हणाल्या. "प्रभू, तुझ्या दूतांना केबल बसवता येत असेल तर पाठव. येत नसेल, तर ज्याला येते तो इथेच माझ्या डाव्या हाताला बसलाय."

धाकटा फिसकन हसला.

"प्रार्थनेत टोमणे मारू नयेत."

"टोमणा कसला? विनंती आहे."

सात वाजले. सातावर पाच झाले. "आई, लॅबमध्ये लोक उपाशीपोटी बसलेत," थोरली कळवळली. बाईंनी डोळे उघडले नाहीत. गुडघ्यांतून कळा येत होत्या.

शेवटी मिस्त्री उठला. त्या घरात आमेनआधी उठलेला पहिला माणूस तो. गॅरेजमधून पान्याचा आवाज आला, शिव्या गिळल्याचाही आला. वीस मिनिटांनी काळे हात घेऊन तो परत गुडघ्यांवर बसला.

"बसवली. पाळकसाहेबांच्या गाडीसाठी आणलेली होती."

"त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू," बाई म्हणाल्या. "आणि मागचं लायनर?"

"ते दुकान उघडल्यावर मिळेल. उद्या बसवतो."

उद्या. बाई टेबलाला धरून उठल्या. हुकावरची स्कूटरची किल्ली काढून त्यांनी शिवणाच्या मशीनच्या खणात टाकली. थोरलीने दाराजवळच्या आपल्या बुटाच्या घासलेल्या टाचेकडे पाहिलं आणि पर्समधली दुसरी किल्लीही आपणहून पुढे केली.

"मी चालत जाते, पप्पा."

"अगं पण आमेन?" मिस्त्री म्हणाला.

"तेही मग उद्याच," बाई म्हणाल्या आणि शिवायला बसल्या.

मिस्त्री तसाच गुडघ्यांवर राहिला. उठावं की नाही, ते त्याला कळेना.