कोऱ्या फाइलीचा हट्ट

मी चळवळीच्या पत्रकांच्या घरात वाढले. नागपुरात आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी पत्रकांचे गठ्ठे यायचे, आणि प्रत्येक पत्रकाच्या शेवटी सत्य दडपता येत नाही, असं काहीतरी ठणकावलेलं असायचं. ते किती आरामात दडपता येतं, हे मला अमेरिकेत माझ्या मावशीनं शिकवलं.

स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडीसाठी आले तेव्हा मावशीच्या मुलीबरोबर अपार्टमेंट शेअर केलं. ती इथंच जन्मलेली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. संरक्षण खात्याच्या एका कंत्राटदारानं तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच, सिक्युरिटी क्लिअरन्स. म्हणजे सरकार तुमचं आयुष्य उलटंपालटं करून बघणार, ओळखीच्यांकडे चौकशी करणार आणि मग ठरवणार, याच्या हाती गुपितं द्यायची की नाही. शस्त्रांच्या धंद्यात कशाला जातेस, यावर मी तिला तीन व्याख्यानं दिली होती. ती तिन्ही वेळा हेडफोन लावून बसली. तिला ती नोकरी मनापासून हवी होती.

त्या हिवाळ्यात ती ढासळली. क्लासला जाईना, आंघोळ करीना, आलेलं टपाल न उघडता बुटांच्या खोक्यात टाकायची. कॅम्पसची बस समोर आली की छाती धडधडायची आणि ती स्टॉपवरूनच परत यायची. तिनं स्वतःहून युनिव्हर्सिटीच्या समुपदेशकाची अपॉइंटमेंट घेतली. मावशीनं ती फोनवरून कॅन्सल करायला लावली. "रेकॉर्डवर येतं बाळा. एकदा क्लिअरन्स मिळू दे, मग हवं तेवढं रड."

मग घरचं आरोग्य खातं कामाला लागलं. मावशीच्या नवऱ्यानं, काकांनी, अश्वगंधाच्या गोळ्या पाठवल्या. मावशीच्या ओळखीच्या एक काकू रोज झूमवर प्राणायाम घेऊ लागल्या. त्यांना बहिणीची पाठ दुखते एवढंच सांगितलं होतं. डॉक्टर नाही म्हणजे आजार नाही, इतकं ते शास्त्र सोपं होतं. आणि पत्रकवाली मी? वरणभात करून तिच्या खोलीबाहेर ठेवत होते आणि गप्प बसत होते.

फॉर्म आला. मनाच्या आरोग्याच्या भागात सरळ लिहिलं होतं की समुपदेशन घेतलं एवढ्यावरून कुणाला नाकारत नाहीत. सरकारला काळजी होती ती अशा त्रासाची, ज्यानं माणसाची निर्णयशक्ती आणि भरवसा डळमळतो, आणि त्यावर उपचार होत नाहीत. थोडक्यात, आम्ही मेहनतीनं उभं केलं होतं नेमकं तेच. मी मावशीला वाचून दाखवलं. "असं लिहावंच लागतं त्यांना," ती म्हणाली. बहिणीनं 'नाही'वर खूण करून फॉर्म पाठवला.

काही आठवड्यांनी चौकशी अधिकाऱ्याचा मला फोन आला, गुरुवारी भेटायला येतो म्हणून. मावशीला हे कसं कळलं देव जाणे. "तू फक्त शी इज फाइन म्हण आणि चहा विचार," तिनं मला पढवलं.

मी बहिणीच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "तो विचारेल, आणि मी खरं सांगणार आहे. माझ्याआधी तू सांग."

"व्याख्यान नंबर चार," ती म्हणाली. दुपारी तिनं दोन फोन केले, पहिला समुपदेशकाला, दुसरा त्या अधिकाऱ्याला.

गुरुवारी त्यानं मला विचारलं तेव्हा मी बघितलं तेवढं सगळं सांगितलं, बुटांच्या खोक्यासकट. "उपचार?" "मंगळवारपासून." "आधी का नाही?" मी म्हटलं, आम्ही जाऊ दिलं नाही. त्यानं मान खाली घालून ते लिहून घेतलं. त्याच्या सरकारशी माझं आयुष्यभर जमणार नाही. पण तिला नेमकं काय होतंय, असं आमच्या घरात येऊन विचारणारा पहिला माणूस तोच होता.

क्लिअरन्स अडकलं. नोकरीची तारीख दोनदा पुढे गेली. बहीण दर आठवड्याला समुपदेशकाकडे जात राहिली, पुढे बसनं जाऊ लागली. खूप महिन्यांनी मंजुरी आली.

मावशीनं घरी पॉटलक ठेवलं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा असं. प्राणायामवाल्या काकूंना साडी दिली. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, फाइल कोरी ठेवली म्हणून मिळालं."

बहीण सिंकपाशी भांडी घासत होती. ती वळलीसुद्धा नाही. "आई, देअर इज अ होल फाइल. मीच दिली त्यांना."

मावशीनं आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.