सासऱ्याशी मांडलेला पट

नेजातमामा आयुष्यात कुणाशीही मुद्दाम हरला नव्हता. आणि शुक्रानशी लग्न करायचं तर त्याला नेमकं तेच करावं लागेल, असं आमच्या सगळ्या कार्शियाका वस्तीचं मत पडलं.

लहानपणी आजीच्या मैत्रिणी ठोकळ्यांचा खेळ मांडून बसायच्या. चौथी आली नाही की मामाला बसवायच्या. पोर जिंकायचं, वर तोंडावर सांगायचं, "तुमच्या हातात काय आहे ते तुमचे डोळे सांगतात." पुढे त्या बायका घरातही काळे चष्मे लावून खेळायला लागल्या.

मग टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आला. खेळ कॅसेटवर असायचा, आणि कॅसेट लागत नसली की बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं टेपच्या आतला स्क्रू जरासा फिरवायचा. पडद्यावर खेळ येईपर्यंत घरात कुणी चालायचं नाही. बंदरावरून दमून आलेले आजोबा बूट हातात घेऊन दारात उभे.

"येऊ का रे आत?"

"थांबा बाबा, येतोय अजून."

त्याच स्क्रू-ड्रायव्हरनं पुढे मामाला पोटापाण्याला लावलं. त्यानं चष्म्यांचं दुकान काढलं. तिथल्या कॉम्प्युटरवर तो एक फुटबॉल संघ चालवायचा. संघ अंतिम सामन्यात पोचला त्या दिवशी तो सूट-टाय घालून गल्ल्यावर बसला होता. गिऱ्हाइकानं विचारलं, "कुणाचं लग्न?" मामा म्हणाला, "हळू बोला, संघ मैदानात उतरतोय."

दर गुरुवारी दुकान बंद झालं की आम्ही कॉलेजची पोरं आतल्या टेबलाभोवती जमून राक्षस आणि किल्ल्यांचा खेळ मांडायचो. प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं, मामा नेहमी सरदार. शुक्रान चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आली आणि तिथेच खुर्ची ओढून बसली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शाळेत संगीत शिकवणारी बाई. पहिल्याच डावात तिच्या चोरानं मामाच्या सरदाराची तलवार लांबवली. मामा ती परत मागायचंही विसरला, आणि तिथेच प्रेमात पडला.

तिचे वडील सादेत्तिन बेय फेरीबोटीचे निवृत्त कप्तान. त्यांची अट एकच होती, आधी माझ्याशी तावला खेळ. पट, सोंगट्या, दोन फासे, बाकी जावयाकडून काही नको.

"हर," माझी आई मामाला म्हणाली. थोरली बहीण म्हणून मागणी तिनंच घालायची होती. "म्हाताऱ्याला एक डाव दिलास तर बोटं झडणार नाहीत तुझी."

आम्ही फुलं आणि चॉकलेटचा डबा घेऊन गेलो. मागणी घालायला आलेल्याच्या कॉफीत मुलगी मीठ घालतेच, तो तोंड वाकडं करतो का ते बघायला. पण मामानं ती अशी प्यायली की मीठ वाया गेलं. त्याचं लक्ष पटावर. दोन सहा पडले. कप्तानांची एकटी सोंगटी उघडी होती. मामानं डोळे मिटल्यासारखं केलं आणि भलतीच सोंगटी हलवली.

कप्तानांनी हात थांबवला. "ती का नाही मारलीस?"

"दिसली नाही, कप्तान."

"चष्मे विकतोस ना रे तू?"

त्यांनी पट मिटला आणि मामाच्या काखेत कोंबला. न शिकता खेळायला बसलेल्याला आमच्याकडे असंच 'जा, शिकून ये' म्हणतात. काखेत पट घेऊन मामा धक्क्यावरून घरी निघाला, तर चहाच्या दुकानातून हाक आली, "नेजातदादा, शाळा किती वाजता सुटते?"

पुढच्या रविवारी तो खरा खेळला आणि जिंकला. कप्तान म्हणाले, "आणखी एक." तोही जिंकला. मग मागणी राहिली बाजूला. बरोबरी झाल्याशिवाय कप्तान त्या विषयावर बोलेनात. आई दर रविवारी नवा डबा नेत होती आणि कप्तान खेळताखेळता तो संपवत होते.

"आब्ला," मामा रडकुंडीला येऊन आईला म्हणाला, "मुद्दाम हरलो तर हाकलतात, जिंकलो तर सोडत नाहीत. या खेळाला बाहेरचं दारच नाही!"

शेवटी शुक्राननं आईला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही डाव संपल्यावर विचारता ना? तेव्हा ते चिडलेले असतात. मध्येच विचारा."

त्या दिवशी कप्तानांना जिंकायला फक्त एक जोडी, दोन्ही फाशांवर सारखा आकडा, हवी होती. मुठीत फासे खुळखुळत होते. आई उभी राहिली. "अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या शब्दानं तुमची शुक्रान आमच्या नेजातसाठी—"

"दिली, दिली! मध्ये बोलू नका हो बाई!" फासे पटावर घरंगळले. पाच आणि दोन.

शुक्राननं वाकून वडिलांच्या हाताचं चुंबन घेतलं.

"हे काय?"

"तुम्ही मला त्यांना देऊन टाकलंत, बाबा. सगळ्यांनी ऐकलं."

कप्तानांनी संशयानं मामाकडे पाहिलं. "हे तुमचं आधीच ठरलं होतं?"

"काय ठरलं होतं?" मामानं मान वर न करता विचारलं. तो पाच आणि दोन कुठं बसतील ते मोजत होता.

कप्तानांनी तो मोजणीत बुडालेला चेहरा पाहिला. मग सोंगटी सरकवत म्हणाले, "असू दे. याला निदान पटावर खोटं बोलता येत नाही. टाक."

आईनं लाल फीत बांधलेल्या अंगठ्या काढल्या. साखरपुड्याची अंगठी उजव्या हातात घालतात, आणि लग्न लागलं की ती डाव्यात जाते. मामाच्या उजव्या मुठीत फासे होते. त्यानं डावा हात पुढे केला. आई काही बोलणार, तोवर शुक्राननं अंगठी डाव्या हाताच्या बोटात सरकवून टाकली.