उभं राहून वाचायची क्वेरी

पनवेलच्या आमच्या ऑफिसात न्हावा शेव्याच्या ट्रकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनायचं. जावास्क्रिप्टमध्ये आम्ही ओआरएम वापरायचो, म्हणजे आपलं म्हणणं डेटाबेसला समजावणारा दुभाषीच. तो अडला की कच्ची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला थेट हुकूम, हातानं लिहायची. शेजारच्या टेबलावरचा उरणचा दादा अशी क्वेरी चालवण्याआधी उभा राहायचा, हात मागे बांधायचा आणि ती मोठ्यानं वाचायचा. मला भारी हसू यायचं.

एकदा एक ट्रक बंदराबाहेर गेल्याची नोंद करायची राहिली होती. मी ऐटीत कच्ची क्वेरी लिहिली, फक्त कुठला ट्रक ते सांगायला विसरलो. एंटर दाबणार, तोच दादा मागे उभा राहून माझी क्वेरी वाचू लागला.

"सगलेच ट्रक भायेर काढतोस काय रं?"

तेवढ्यात साहेब आले. "काय घोळ घातलाय यानं?"

माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती.

"घोळ नाय साहेब. आमी वाचतोय," दादा म्हणाला.

साहेब गेल्यावर माझ्याकडे वळला. "ऊठ. आता तू वाच."

हल्ली नव्या ऑफिसात मी खुर्चीतून उठलो की पोरं विचारतात, "सर, चहाला निघालात?"

मी हात मागे बांधतो. "नाय रे. आमी वाचतोय."